एकाला एक लावून ढकललेले ठोकळे आणि मधला कॉन्टॅक्ट फोर्स: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गुळगुळीत जमिनीवर दोन ठोकळे एकमेकांना टेकून ठेवलेत, मागच्याला ढकललं, तर दोघांच्या मधे किती बल आहे ते सांगा. गणित दोन ओळींचं आहे पण यावर जितके लोक अडकतात तितके पुलीवरही अडकत नाहीत. मी अकरावी-बारावीच्या मुलांना बरीच वर्षं फिजिक्स शिकवतोय आणि तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून ते इथे एकत्र करून ठेवतोय. वेगळं काही सांगितलं नसेल तर सगळीकडे मागचा ठोकळा अ २ किलोचा, पुढचा ब ३ किलोचा, आणि ढकलायचं बल १० न्यूटन धरा. गुरुत्वत्वरण १० धरलंय, ९.८ घेऊन आकडेमोड किचकट करण्यात मला रस नाही.

प्रश्न: अ ला १० न्यूटनने ढकललं म्हणजे अ पुढे ब ला पण १० न्यूटननेच ढकलणार ना?

नाही. हीच सगळ्यात मोठी चूक आणि ती करणारे हुशार असतात, कारण डोक्यात चित्र असं असतं की बल म्हणजे नळातून येणारं पाणी, एका टोकाने आत गेलं की दुसऱ्या टोकाने तेवढंच बाहेर. बल असं वाहत नाही. अ वर १० न्यूटन लागलं इथे त्या १० न्यूटनची गोष्ट संपली, ते फक्त अ वर लागलेलं बल आहे. ब ला बाहेरच्या हाताचा पत्ताच नाही, त्याला फक्त अ ची भिंत टेकलेली कळते. मग ब ला अ किती जोराने ढकलेल? ब ला जेवढं लागेल तेवढंच.

किती लागेल ते काढू. दोघं मिळून ५ किलो, बल १० न्यूटन, त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग. ब हा ३ किलोचा आणि त्यालाही २ चंच त्वरण हवंय कारण तो अ च्या पुढे एकत्रच चाललाय, म्हणजे ३ × २ = ६ न्यूटन. आडव्या दिशेत ब ला टेकलेलं अ शिवाय दुसरं काहीच नाही, म्हणून ते ६ न्यूटन अ कडूनच येणार. झालं. कॉन्टॅक्ट फोर्स ६ न्यूटन.

प्रश्न: मग राहिलेले ४ न्यूटन गेले कुठे?

कुठे जाणार, अ ला पळवायला वापरले गेले. अ वर पुढे १० आणि ब कडून मागे ६, उरलं ४, आणि ४ भागिले २ किलो बरोबर २. म्हणजे अ पण त्याच त्वरणाने. हा पडताळा नेहमी करून बघा, दुसऱ्या ठोकळ्यावरून उत्तर काढायचं आणि पहिल्यावर तपासायचं, पाच सेकंद जातात आणि निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

प्रश्न: आता उलटं केलं, म्हणजे ब ला ढकललं आणि अ पुढे ठेवला, तर काय?

त्वरण तेच, २. पण आता पुढे २ किलोच आहे म्हणून मधलं बल २ × २ = ४ न्यूटन. बाहेरचं बल तेच, ठोकळे तेच, तरी मधलं बल वेगळं. इथे मुलं जरा थबकतात आणि थबकायलाच पाहिजे. मी ढकलणाऱ्याचा विचार सोडायला लावतो तो यासाठीच, मधला फोर्स ठरतो तो समोर किती माल पडलाय त्यावरून. जड मागे ठेवलात तर सांध्यावर, म्हणजे दोघं टेकतात तिथे, बल कमी, जड पुढे ठेवलात तर जास्त.

आणि हो, ६ आणि ४ ची बेरीज १० येते तो योगायोग नाहीये. एकदा ३ × त्वरण आणि एकदा २ × त्वरण, बेरीज एकूण वस्तुमान × त्वरण, म्हणजे बाहेरचंच बल. ही बेरीज पडताळ्याला चांगली उपयोगी पडते.

प्रश्न: अ ने ब ला जेवढं ढकललं तेवढंच ब ने अ ला ढकललं, मग दोन्ही रद्द होऊन ठोकळे जागेवरच राहायला नकोत का?

हा प्रश्न फार जुना आहे. न्यूटनने १६८७ मधे तिसरा नियम छापला तेव्हाच उदाहरण देऊन ठेवलंय की बोटाने दगड दाबलात तर दगडही बोटाला दाबतो, आणि दोरी लावून दगड ओढणारा घोडाही दगडाकडे तेवढाच ओढला जातो. तरी घोडा पुढे जातोच की.

रद्द व्हायला दोन्ही बलं एकाच वस्तूवर पाहिजेत. ब वर लागलेलं ६ आणि अ वर लागलेलं ६, ही दोन वेगळ्या वस्तूंवरची बलं. माझ्या खात्यात ६ जमा आणि तुमच्या खात्यात ६ वजा म्हणून माझा बॅलन्स शून्य होत नाही. हां, तुम्ही जर दोघांना मिळून एकच खातं धरलंत, म्हणजे अ आणि ब मिळून एकच ५ किलोचा ठोकळा, तर तेव्हा मात्र ती जोडी खरंच रद्द होते, आणि म्हणूनच त्वरण काढताना आपण मधल्या बलाकडे बघितलंही नाही. याच एका गोष्टीवर सगळी पद्धत उभी आहे: त्वरणासाठी सगळे एकत्र धरा, मधल्या बलासाठी एकाला सुटा करा.

प्रश्न: हाताने ढकललेल्या १० न्यूटनची प्रतिक्रिया म्हणजे ते मागे येणारं ६ न्यूटन का?

नाही नाही. १० ची प्रतिक्रिया तुमच्या हातावर, १० न्यूटन, मागच्या दिशेने. ६ ही वेगळी जोडी, अ आणि ब मधली. जोडीतली दोन्ही बलं कायम त्याच दोन वस्तूंमधली असतात: हात ढकलतो ठोकळ्याला, ठोकळा ढकलतो हाताला. वाक्यातला कर्ता आणि कर्म अदलाबदल करा, प्रतिक्रिया मिळते. ठोकळ्याचं वजन आणि जमिनीचं वरचं बल ही पण जोडी नव्हे बरं का, सपाट जमिनीवर सारखी येतात म्हणून लोक फसतात. वजनाची प्रतिक्रिया म्हणजे ठोकळा पृथ्वीला वर खेचतो ती.

प्रश्न: फ्री बॉडी डायग्राम काढताना ब वर काय काय दाखवायचं?

फ्री बॉडी डायग्राम म्हणजे एकच ठोकळा सुटा काढून त्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवायची. त्यात फक्त त्याला जे प्रत्यक्ष टेकलंय ते, आणि वजन. ब ला काय टेकलंय? जमीन आणि अ. संपलं. मुलं ब च्या चित्रात १० न्यूटनचा बाण काढतात, वर ६ चा पण काढतात, आणि मग १६ न्यूटन घेऊन बसतात. मी स्वतः अकरावीच्या पहिल्या चाचणीत हेच केलं होतं, आणि वर अ च्या चित्रात मागे येणारा बाण काढायचा विसरलो होतो, दोन्ही त्वरणं वेगळी आली तरी मला काही खटकलं नाही, शांतपणे दोन्ही उत्तरं लिहून पेपर देऊन आलो. टेकलेल्या दोन ठोकळ्यांची त्वरणं वेगळी आली आणि पुढचा मागच्यापेक्षा हळू, म्हणजे मागचा पुढच्याच्या आत घुसतोय असा अर्थ होतो. असं आलं की पेन तिथेच थांबवा.

माझी एक सवय सांगतो. कागदावर ठोकळे काढल्यावर ज्याचं चित्र काढायचंय त्याच्याभोवती पेन्सिलने तुटक रेषेचं गोल वर्तुळ फिरवायचं आणि ती रेषा जिथे जिथे कशाला तरी कापते तिथेच एक एक बाण. रेषा हाताला कापत नसेल तर हाताचं बल नाही, मग कितीही मन सांगो.

प्रश्न: तीन-चार ठोकळे असतील तर फॉर्म्युला वेगळा का?

काही वेगळं नाही. कुठल्याही सांध्यावर बोट ठेवा, त्या सांध्याच्या पुढे जेवढं वस्तुमान असेल ते गुणिले त्वरण. समजा १, २, ३ किलोचे तीन ठोकळे त्याच क्रमाने, मागून १२ न्यूटन. एकूण ६ किलो, त्वरण २. पहिल्या सांध्यापुढे ५ किलो, म्हणून १० न्यूटन. दुसऱ्या सांध्यापुढे ३ किलो, म्हणून ६ न्यूटन. मागून पुढे जाताना बल कमी कमी होत जातं, प्रत्येक ठोकळा स्वतःपुरतं काढून घेतो आणि उरलेलं पुढे देतो. शेवटच्याच्या पुढे कोणी नाही म्हणून तिथे शून्य.

आता हेच आणखी ताणा. ठोकळे शंभर करा, हजार करा, शेवटी एक अखंड एकसारखी कांब झाली. ती मागून ढकलली तर कांबेच्या आतही हेच चालू असतं, मागच्या टोकाला आतलं दाबबल पूर्ण, मध्यावर निम्मं, पुढच्या टोकाला शून्य. म्हणजे आपण एक ठोकळा म्हणतो त्याच्या आतही असले असंख्य सांधे आहेतच, फक्त गणितात ते विचारत नाहीत. मला हा भाग फार आवडतो आणि तासाला वेळ उरला तर मी हाच बोलतो.

प्रश्न: ओढताना पण असंच का? दोरी लावून?

आकडे तसेच येतात, बाजू उलटते. ब ला पुढून १० न्यूटनने ओढलं आणि मागे दोरीने अ बांधलाय, तर दोरीतला ताण ४ न्यूटन, कारण दोरीच्या मागे २ किलो आहे. ढकलताना सांध्याच्या पुढचं वस्तुमान मोजा, ओढताना मागचं. फरक इतकाच की दोरी ढकलू शकत नाही आणि नुसते टेकलेले ठोकळे ओढू शकत नाहीत.

प्रश्न: फॉर्म्युला पाठ केला तर चालेल का? मधलं बल = पुढचं वस्तुमान भागिले एकूण वस्तुमान, गुणिले बाहेरचं बल.

चालेल, पण त्याची टोकं तपासून बघा म्हणजे तो पाठ करावा लागणार नाही. पुढचा ठोकळा कागदाइतका हलका केला तर मधलं बल जवळजवळ शून्य, बरोबर, कागद ढकलायला काय लागतंय. मागचा ठोकळा कागदाइतका केला तर मधलं बल जवळजवळ पूर्ण १०, बरोबर, हाताने थेट ब लाच ढकलल्यासारखं. दोन्ही सारखे असतील तर निम्मं. उत्तर ढकलणाऱ्या बलापेक्षा जास्त आलं आणि बाहेर एकच बल आहे, घर्षण नाही, तर नक्की काहीतरी चुकलंय.

प्रश्न: ढकलायचं बल तिरकं असेल तर?

गुळगुळीत जमीन असेल तर फक्त आडवा भाग धरा. १० न्यूटन आडव्याशी ६० अंशाने खाली झुकलेलं असेल तर आडवं ५ च, मधलं बल ६ चं ३ होतं. घर्षण असेल तर मात्र जपून, कारण खाली झुकलेलं बल अ ला जमिनीवर दाबतं आणि अ चं घर्षण वाढतं, ब चं नाही.

प्रश्न: घर्षण असेल तर मधलं बल वाढतं का कमी होतं?

दोन्ही ठोकळ्यांचा घर्षणगुणांक (सपाट जमिनीवर घर्षण वजनाच्या कितीपट ते सांगणारा आकडा) सारखा असेल आणि ठोकळे सरकत असतील तर काहीच बदलत नाही! हे ऐकल्यावर वर्गात अर्धा मिनिट शांतता असते. त्वरण कमी होतं हे खरं, पण ब ला आता स्वतःचं घर्षण पण मारायचंय म्हणून तेवढं जास्त लागतं, आणि दोन्ही बरोब्बर फिटतं. घर्षण पण वस्तुमानाच्या प्रमाणातच येतं ना, म्हणून वाटणी तीच राहते, ३ ला ५ मधले ३ भाग.

गुणांक वेगळे असतील तर मात्र फरक पडतो. अ चा ०.१ आणि ब चा ०.३ घ्या, ढकलायला २१ न्यूटन. अ चं घर्षण ०.१ × २० = २ न्यूटन, ब चं ०.३ × ३० = ९ न्यूटन, उरलं १०, त्वरण २. ब साठी: ३ × २ = ६ आणि वर ९ घर्षणाचे, म्हणजे १५ न्यूटन. घर्षण नसतं तर २१ चे तीन पंचमांश १२.६ आले असते. २.४ जास्त लागले कारण खरखरीत भाऊ पुढे आहे. आता खरखरीतपणा बदला, अ ला ०.३ आणि ब ला ०.१ द्या, मधलं बल येतं १०.२. म्हणजे तेच २.४ आता कमी झालं. करून बघा, मी मुद्दाम पायऱ्या लिहीत नाहीये.

प्रश्न: मग चालता चालता हात काढून घेतला तर?

घर्षण नसेल किंवा दोघांचं सारखं असेल तर त्याच क्षणी मधलं बल शून्य, ठोकळे टेकलेले दिसतात पण कोणी कोणाला दाबत नाही. गुणांक वेगळे असतील तर मजा आहे. पुढचा जास्त खरखरीत असेल तर तो लवकर थांबायला बघतो आणि मागचा त्याच्यावर रेलतो, वरच्या उदाहरणात मधे बल येतं २.४ न्यूटन, हो तेच २.४ परत. पुढचा कमी खरखरीत असेल तर तो पुढे निघून जातो आणि दोघांत फट पडते.

प्रश्न: मी हळूच ढकलतोय आणि ठोकळे हललेच नाहीत, आता मधे किती बल?

हा प्रश्न परीक्षेत चुकीचा सोडवलेला मी छापील उत्तरातही बघितलाय. सरकताना चालणारी ती वस्तुमानाची वाटणी इथे वापरायची नाही.

दोन्ही ठोकळ्यांना गुणांक ०.५ धरा, आणि सोपं जावं म्हणून सरकतानाचा आणि स्थिर असतानाचा एकच. अ जास्तीत जास्त १० न्यूटन अडवू शकतो, ब १५. सुरुवातीला ठोकळे नुसते टेकलेत, आधीचा दाब नाही. तुम्ही ८ न्यूटनने ढकललं तर पाठ्यपुस्तकी उत्तर: सगळं अ चं घर्षणच खाऊन टाकतं, ब पर्यंत काही पोचत नाही, मधलं बल शून्य. १८ ने ढकललं तर अ चे १० गेले, उरले ८ ब वर. २५ ला दोघं सुटायच्या बेतात, मधे १५. आणि बघा, २५ चे तीन पंचमांश १५ च, म्हणजे सरकायला लागल्यावर जो नियम लागणार तो इथून गुळगुळीतपणे जोडला जातो.

पण हे आधीचा दाब नाही म्हणून. ठोकळे पूर्ण कडक आणि हलत नाहीत एवढीच माहिती दिली तर १८ न्यूटनला मधलं बल ८ ते १५ मधलं काहीही असू शकतं, गणिताचे नियम कुठेच मोडत नाहीत. आधी २४ ने दाबून मग १८ वर आलात तर वेगळं उत्तर मिळू शकतं. स्थिर घर्षण हे असं आहे, ते मागचं लक्षात ठेवतं. म्हणून असल्या गणितात हळूहळू बल वाढवलं हे शब्द आहेत का ते आधी शोधा.

प्रश्न: दोन्ही बाजूंनी ढकललं तर?

अ ला डावीकडून १०, ब ला उजवीकडून ५. उरलं ५, त्वरण १ उजवीकडे. अ साठी: १० वजा मधलं बल = २, म्हणजे ८ न्यूटन. ब वरून तपासा: ८ वजा ५ = ३, आणि ३ किलो × १ = ३. बरोबर. दोन्हीकडून १० असतील तर ठोकळे जागेवर आणि मधे १०. २० नाही! दोन्ही हातांनी उशी दाबताना उशीतलं बल दुप्पट होत नाही, एक हात काढून तिथे भिंत ठेवली तरी उशीला फरक कळत नाही.

प्रश्न: उतारावर दोन ठोकळे टेकवून सोडले तर मागचा पुढच्याला ढकलतो ना? वरचा जड असेल तर जास्त?

गुळगुळीत उतारावर अजिबात ढकलत नाही. दोघांनाही उताराने सारखंच त्वरण मिळतं, ३० अंशाला ५, वस्तुमान काहीही असो. कोणी कोणाच्या पुढे जायची घाई नाही म्हणून मधलं बल शून्य. वरचा जड म्हणून खालच्याला चेपेल असं मनाला वाटतं, पण जडाला खेचणारं बल जास्त तसं जडत्वही जास्त.

घर्षण आलं की परत गुणांकाचा खेळ. खालचा जास्त खरखरीत असेल तर वरचा त्याच्यावर रेलतो, आपल्याच ०.१ आणि ०.३ च्या जोडीला ३० अंशावर मधे सुमारे २.१ न्यूटन येतं. खालचा कमी खरखरीत असेल तर तो सुटून पुढे जातो, दोघांना वेगवेगळं सोडवायचं.

प्रश्न: मधलं बल ऋण आलं, चिन्ह विसरून धन लिहू का?

लिहू नका! ऋण उत्तर तुम्हाला काहीतरी सांगतंय. तुम्ही धरून चाललात की दोघं टेकलेले राहतात, आणि गणित म्हणतंय की टेकलेले ठेवायचे असतील तर मधे ओढणारं बल पाहिजे, म्हणजे गोंद पाहिजे. गोंद नाही, म्हणजे ठोकळे सुटणार. मधलं बल शून्य धरा आणि प्रत्येकाचं त्वरण वेगळं काढा.

प्रश्न: एकावर एक ठेवले आणि लिफ्टमधे नेले तर?

तीच रीत, उभी केली. २ किलो वर, ३ किलो खाली, लिफ्ट २ च्या त्वरणाने वर. वरच्याला २ × (१० + २) = २४ न्यूटन, तळाला ५ × १२ = ६०. दोर तुटला तर सगळीकडे शून्य.

प्रश्न: पुढच्या ठोकळ्याच्या उभ्या बाजूला छोटा ठोकळा नुसता टेकवलाय, खाली जमीन नाही, तरी तो पडत नाही असं कसं?

मोठ्याला जोरात पळवलं की छोट्यावर मधलं बल वाढतं, आणि मधलं बल वाढलं की घर्षणाची ताकद वाढते, ती छोट्याचं वजन पेलते. गुणांक ०.५ असेल तर त्वरण निदान २० हवं. १ किलोचा छोटा, ४ किलोचा मोठा, गुळगुळीत जमीन, तर १०० न्यूटन लागतील. इथे मधलं बल २०, घर्षण जास्तीत जास्त १०, वजन १०, जेमतेम. छोट्याचं वस्तुमान वाढवून काही होत नाही, वजन आणि घर्षण दोन्ही बरोबरीनेच वाढतात, लागणारं त्वरण तेच राहतं. आणि नीट बोलायचं तर इथला एकूण कॉन्टॅक्ट फोर्स म्हणजे आडवं २० आणि उभं १० मिळून, साधारण २२.४ न्यूटन तिरका. प्रश्नात नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनातला भाग, विचारलाय की एकूण, ते वाचा.

प्रश्न: टेकलेला भाग मोठा असला तर बल जास्त?

नाही, बल तेवढंच, दाब कमी. तसंही डोळ्याला पूर्ण टेकलेले दिसणारे दोन पृष्ठभाग खरे टेकतात ते थोड्या उंचवट्यांवरच. टेकताना पृष्ठभाग किती दबतात याचं पहिलं नीट गणित हाइनरिक हर्ट्झने १८८२ मधे मांडलं, रेडिओ लहरींवाला तोच हर्ट्झ.

प्रश्न: मागे ढकललं की पुढच्याला लगेच कळतं का?

लगेच म्हणजे गणितात लगेच. खरं तर धक्का ठोकळ्यातून त्या पदार्थातल्या आवाजाच्या वेगाने जातो, पोलादात साधारण सेकंदाला ५ किलोमीटर. १० सेंटीमीटरचा पोलादी ठोकळा असेल तर सुमारे २० मायक्रोसेकंद. तेवढा वेळ पुढचा ठोकळा खरोखर निवांत उभा असतो, मग थोडी थरथर होते, मग सगळं बसतं आणि आपले ६ न्यूटन मिळतात. त्याच्या मुळाशी दोन्ही पृष्ठभागांचे इलेक्ट्रॉन एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत हे आहे, पृष्ठभाग किंचित दबतात आणि जेवढे दबले तेवढं ढकलतात. म्हणूनच मधलं बल स्वतःला पाहिजे तेवढं करून घेतं: कमी पडलं तर मागचा ठोकळा आणखी थोडा पुढे रेटतो, दबणं वाढतं, बल वाढतं, बरोबर जमेपर्यंत.

प्रश्न: ठोकळ्यांमधे आधी थोडी फट असेल तर?

मग ते ढकलणं नाही, टक्कर आहे. अ वेग घेऊन ब वर आदळतो आणि त्या छोट्या क्षणात मधलं बल १० न्यूटनपेक्षा कितीतरी जास्त होऊ शकतं. तिथे संवेगाने सोडवा.

प्रश्न: हे सगळं डोळ्याने बघता येईल का?

येईल, आणि काही विकत आणायला नको. दोन सारखे लाकडी ठोकळे घ्या, एकावर जाड पुस्तक ठेवून त्याला जड करा, मधे भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा धरा. जड पुढे ठेवून हलका मागून संथपणे सरकवत न्या, स्पंज किती चेपतो ते बाजूने बघा. मग अख्खी गाडी उलटी फिरवा, जड मागे हलका पुढे, आणि तसंच सरकवा. स्पंज स्पष्ट कमी चेपतो. संथ वेगाने त्वरण जवळजवळ शून्य असलं तरी चालतं कारण तेव्हा स्पंजला पुढच्याचं घर्षण पेलायचं असतं, आणि ते पण पुढच्याच्या वजनाच्याच प्रमाणात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा स्पंज ओला होता, तो टेबलाला चिकटला आणि दोन्ही वेळा सारखाच चेपला, मुलांनी मला बरंच चिडवलं. कोरडा घ्या, आणि टेबलापासून बोटभर वर धरून दोन ठोकळ्यांमधे अडकवा.